मुंबई बंदर: बुडालेलं खोरं आणि न संपणारा गाळ

मुंबईची प्रिन्सेस गोदी 1880 साली सुरू झाली. तिच्या खोदकामात चिखलाखाली खैराचे बुंधे सापडले, त्यातले काही मुळांवर उभेच्या उभे. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही, म्हणजे तिथे एके काळी कोरडं रान होतं. हिमयुग ऐन भरात असताना, सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होता. पुढे बर्फ वितळला तसं पाणी बेसाल्टच्या खोऱ्यांत शिरलं. या रानाच्या बाबतीत जमीन खचण्याचाही हात असावा.

बंदराच्या पश्चिमेला मुंबई आडवी असल्यामुळे पावसाळी लाटा आत थेट येत नाहीत. बंदर म्हणून जागा उत्तम. पण जिथे लाट मंदावते तिथे गाळही बसतो, आणि खरी डोकेदुखी तीच आहे.

आधी भरतीचं पाहू. कोळ्यांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा बोट काढायची तर छापील तक्ताच पाहावा. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला) पाणी नकाशाच्या शून्य पातळीपासून सरासरी 4.42 मीटरपर्यंत चढतं आणि 0.76 पर्यंत उतरतं. भांगाला (अष्टमीच्या सुमारासच्या लहान भरती-ओहोटीला) हेच आकडे 3.30 आणि 1.86. म्हणजे उधाणाचा चढउतार भांगाच्या अडीचपट, आणि प्रवाहाचा जोरही त्याच मानाने जास्त. तोच तळाचा चिखल ढवळतो.

नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलतात. खारं पाणी मिसळलं की ते चिकटून गुठळ्या होतात आणि भरती-ओहोटीमधल्या थांबलेल्या पाण्यात खाली बसतात. जहाजांसाठी तळ खोल खणला की तिथे प्रवाह आणखी मंदावतो, म्हणून खणलेला मार्गच सर्वांत आधी भरतो. गाळ उपसून जवळ टाकला तर पुढच्या भरतीबरोबर परत येतो, त्यामुळे टाकण्याची जागा दूर आणि प्रवाह पाहून ठरवावी लागते.

पाण्यात ध्वनी सोडून खोली मोजतानाही हा चिखल फसवतो. ध्वनीची उच्च वारंवारता (सुमारे 200 किलोहर्ट्झ) पातळ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परत फिरते, कमी वारंवारता (सुमारे 30) त्यातून खाली घट्ट तळापर्यंत जाते. एकाच जागी दोन आकडे मिळतात. त्यातला फरक हा पातळ गाळाचा थर. वरचाच आकडा धरला तर नको तेवढा उपसा होतो. खालचाच धरला तर जहाज जड चिखलात रुतून सुकाणूला दाद देत नाही.

जुन्या गोद्यांनी भरतीशी वेगळाच करार केला होता. आत पाणी अडवून ठेवायचं आणि भरतीला दारं उघडायची. 1914 च्या अलेक्झांड्रा गोदीला (आजची इंदिरा गोदी) तर दोन्हीकडे दारं असलेला, 228.6 मीटर लांब आणि 30.5 मीटर रुंद जलपाश (लॉक, म्हणजे जहाज आत-बाहेर नेण्याचा बंद कप्पा) आहे. रुंदीची ही मर्यादा पुढे कंटेनर जहाजांना अपुरी पडली. ती जहाजं आता पलीकडच्या न्हावा शेवाला, 1989 पासूनच्या उघड्या धक्क्यांवर लागतात.