खरखरीत त्वचा घासून मऊ होत नाही
त्वचा खरखरीत झाली की दाणेदार स्क्रबने घासा, हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. अतिकोरड्या त्वचेसाठी तो चक्क उलटा आहे. मृत पेशी एरवी आपोआप गळतात, पण त्यांना जोडणारे दुवे तोडणाऱ्या एन्झाइमना पाणी लागतं. ते कमी पडलं की थर साचतात. घासल्याने त्वचा ओरखडते आणि ओलावा आणखी उडतो. (जळजळतंय म्हणजे 'काम करतंय', हीसुद्धा भाबडी समजूत!) घासण्याऐवजी क्रीममधले घटक कामी येतात. युरिया १० टक्क्यांपर्यंत मुख्यतः पाणी धरून ठेवतो, २० ते ४० टक्क्यांना केराटिन (त्वचेच्या वरच्या थरातलं टणक प्रथिन) सैल करतो, म्हणून ते प्रमाण टाचांसारख्या जाड भागासाठी, चेहऱ्यासाठी नव्हे. लॅक्टिक ॲसिड दोन्ही कामं करतं, मात्र भेगांवर झोंबतं आणि त्वचा उन्हाला हळवी करतं.