वासराच्या पावडरीपासून उंदराच्या आतड्यापर्यंत: पायसीकारक पचतात कसे?

पलूसकडच्या आमच्या गोठ्यात गाईचा पान्हा कमी पडला की वासराला पावडरीचं दूध पाजतो. कोमट पाण्यात पावडर रवीने घुसळली की पांढरंशुभ्र दूध होतं, वर तेलाचा तवंग धरत नाही. गाईच्या दुधात स्निग्धाच्या प्रत्येक थेंबाला जन्मतःच पातळ आवरण असतं. पावडरीतल्या वनस्पती तेलाला ते नसतं, म्हणून त्यात तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ, म्हणजे पायसीकारक, घालतात; पिशवीवर ‘लेसिथिन’ छापलेलं असतं ते हेच.

लेसिथिनचा शोध अंड्यात लागला. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ तेओदोर गोब्ले यांनी १८४६-४७ च्या सुमारास ते बलकातून वेगळं केलं आणि १८५० मध्ये बलकाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं. आज ते बहुतेक सोयाबीनमधून मिळतं, जे कृष्णाकाठी शिवारभर दिसतं. कच्च्या तेलात पाणी मिसळलं की जो चिकट साका वेगळा होतो, त्यातच ते असतं.

१८४० च्याच दशकात, चरबी पचते कशी हे शोधताना फ्रान्सचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी ससे तपासले. सशात पित्ताची नळी आतड्याला वर मिळते आणि स्वादुपिंडाची बरीच खाली. चरबी खाल्लेल्या सशाच्या आतड्यातून निघणाऱ्या लसवाहिन्या (पचलेली चरबी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) त्या खालच्या नळीच्या पुढेच दुधाळ झालेल्या दिसल्या. म्हणजे एकट्या पित्ताने भागत नाही, स्वादुरस लागतो. माझ्या मते या विषयातलं सर्वांत सुंदर निरीक्षण हेच. स्वादुरस चरबी फोडतो तेव्हा मोनोग्लिसराइड तयार होतं, म्हणजे चरबीचाच तुटलेला तुकडा, जो बाकीच्या चरबीचे थेंब बारीक ठेवतो. कारखान्यात बनणाऱ्या, पाकिटावर ४७१ असा क्रमांक छापलेल्या पायसीकारकातही तेच असतं. त्यामुळे ते चरबीसारखंच पचतं.

रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरात गंमत निराळी. पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू चरबी आधीच फोडून टाकतात, पुढे मोनोग्लिसराइड फारसं उरत नाही. तिथे लेसिथिन तुटून बनणारं लायसोलेसिथिन थेंब बारीक ठेवायचं काम करतं. त्यामुळे पावडरीतलं लेसिथिन गुरांच्या पोटाला परकं नाही.

खरी अडचण पुढच्या पिढीच्या पदार्थांची. पॉलिसॉर्बेट ८०, म्हणजे ४३३, याची स्निग्धाम्लाची शेपटी आतड्यात तुटते, उरलेला भाग बहुतांशी विष्ठेवाटे जातो. ४६६, म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, हे वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेलं, आपल्या पाचकरसांना ते तुटतच नाही. जे रक्तात शिरत नाही ते निरुपद्रवी, असं बराच काळ धरलं जात होतं. २०१५ मध्ये उंदरांना १२ आठवडे पाण्यातून ही दोन्ही वेगवेगळी दिली, तेव्हा आतड्यातले जिवाणू आतड्याच्या आतल्या बुळबुळीत श्लेष्माच्या थरातून भिंतीच्या जवळ सरकले आणि सौम्य दाह दिसला. जिवाणूच नसलेल्या उंदरांत तसं झालं नाही. पुढे एका छोट्या चाचणीत निरोगी माणसांना ११ दिवस रोज १५ ग्रॅम ४६६ दिलं, तर त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलली. ही मात्रा रोजच्या खाण्यातल्यापेक्षा खूप जास्त, हे विसरू नये. पण सगळ्या पायसीकारकांना एकाच तराजूत तोलणं मला पटत नाही.

मिरज स्टँडवर घेतलेल्या आइस्क्रीमच्या कपावर ४७१ आणि ४६६ एकाच ओळीत छापलेले होते. पहिला लहान आतड्यातच चरबी म्हणून संपतो, दुसरा न तुटता मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत पोचतो.