संवत्सरफलात न सापडणारं उत्तर

पाडव्याला गुढी उभारली, कडुनिंब, गूळ, ओवा नि हिंगाची गोळी तोंडात टाकली की पुण्यातल्या कितीतरी घरांत अजूनही पंचांगाची पूजा होते आणि थोरलं कुणीतरी संवत्सरफल वाचून दाखवतं. ते ऐकायला मलाही आवडतं. पण त्यामागचा प्रश्न, ‘यंदा माझं काय होणार?’, पुण्यातच कसोटीला लागला आहे. २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन्ही गटांतल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवून कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. छापा-काटा करूनही साधारण तेवढीच आली असती.

वर्षारंभी मनात आणखी एक प्रश्न असतो: मी जगतोय कशासाठी? याच्या उत्तराचा माग मात्र थेट मेंदूपर्यंत लागतो.

शिकागोच्या रश विद्यापीठात पॅट्रिशिया बॉइल आणि सहकाऱ्यांनी वृद्धांना जगण्यातल्या हेतूबद्दल विचारलं, दरवर्षी त्यांची बुद्धी तपासली आणि मृत्यूनंतर २४६ जणांचे मेंदू तपासले. अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर अमायलॉइड प्रथिन साचतं, आत टाऊ प्रथिनाचे गुंते होतात. हे जितकं जास्त, तितकी स्मृती खालावते. पण ज्यांचा जगण्याचा हेतू पक्का होता, त्यांच्या मेंदूत हेच बदल दिसत असूनही स्मरण आणि विचारशक्ती तुलनेनं टिकून होती. २०१२ सालचा हा निष्कर्ष मला विलक्षण वाटतो. मेंदू झिजला होता, तरी माणूस सावरलेला होता.

अर्थात, ज्याची तब्येत ठणठणीत त्यालाच हेतू सुचतो, असंही असू शकतं. संशोधक वय, शिक्षण, नैराश्य वगैरे हिशेबात धरतात, तरी शंका पुरती फिटत नाही.

श्रद्धेचं काय? अमेरिकेतल्या सुमारे ७४ हजार परिचारिकांच्या पाहणीत (२०१६) आठवड्यातून एकाहून जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्के कमी आढळलं. त्यातला जवळपास पाव हिस्सा माणसांच्या आधाराचा होता. कमी धूम्रपान, कमी नैराश्य आणि आशावाद यांचाही वाटा होता. पण त्या बहुतेक ख्रिस्ती स्त्रिया. आपल्या भजनी मंडळांना आणि वारकऱ्यांना ही टक्केवारी तशीच लावता येणार नाही. दर आषाढवारीत दोन्ही पालख्या नाना पेठेत, भवानी पेठेत मुक्कामाला असतात. तिथल्या सत्तरीच्या माळकऱ्यांना ‘पाय दुखतात का?’ याबरोबरच ‘घरी परतल्यावर तुमची वाट कोण पाहतं, कोणतं काम पाहतं?’ असं विचारून, पुढची दहा-पंधरा वर्षं त्यांची खबर ठेवणारा अभ्यास पुण्यातल्या डॉक्टरांनी आणि संख्याशास्त्रज्ञांनी हाती घ्यावा, असं मला फार वाटतं.