ई. कोलायचा खो-खो

'जिवाणूंनाही मन असतं, मंत्र म्हटला की ते शांत होतात' हा फॉरवर्ड गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मनबिन काही नाही हो! पण त्या 2 मायक्रोमीटरच्या जिवाला जे खरोखर जमतं, ते या भाकडकथेपेक्षा कितीतरी भन्नाट आहे.

आपल्या आतड्यातला ई. कोलाय घ्या. त्याच्या शेपटासारख्या कशाभिका घड्याळाच्या उलट फिरल्या की त्यांची वेणी पडते आणि गडी सरळ पोहतो. एखादी सुलट फिरली की वेणी उसवते, तो कोलांटी खातो आणि तोंड भलतीकडे वळतं. साधारण सेकंदभर पोहणं, सेकंदाच्या दहाव्या भागात कोलांटी, की पुन्हा पोहणं. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी 1972 मध्ये एकेका जिवाणूमागे सूक्ष्मदर्शक पळवून हे मोजलं. अन्न वाढत असेल तर तो कोलांट्या कमी खातो, बस. सुकाणू नाहीच.

मग प्रत्येक कशाभिकेच्या बुडाशी तिला फिरवणारी जी मोटर असते, तिला निरोप कोण देतं? पेशीच्या टोकाला हजारो संवेदक प्रथिनं दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांना आतून चिकटलेलं 'की-ए' हे प्रथिन (यातला 'की' केमोटॅक्सिसमधला, म्हणजे रसायनाच्या मागावर पोहण्यातला) एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून फॉस्फेट घेऊन स्वतःच्याच साखळीतल्या 48 क्रमांकाच्या हिस्टिडीन या अमिनो आम्लावर चढवतं. तिथून ते 'की-वाय' या चिमुकल्या प्रथिनाच्या 57 क्रमांकाच्या अस्पार्टेट या अमिनो आम्लावर जातं. हा खो-खोतला खोच! पाठीवर थाप पडली की की-वाय सुटतं, मोटरला जाऊन चिकटतं, मोटर सुलट फिरते आणि कोलांटी होते. 'की-झेड' ते फॉस्फेट लगेच उतरवतं, नाहीतर शिळा निरोपच घुमत राहिला असता.

गंमत म्हणजे अन्न मिळालं की खो थांबतो. सेरीन हे अन्नातलं अमिनो आम्ल संवेदकाला चिकटलं की की-ए गप्प. निरोप एकच, 'वळ'. बरं चाललंय तोवर कुणी बोलत नाही. हे उलटं गणित डोक्यात शिरायला मला तीनदा आकृती काढावी लागली.

पण 'मघापेक्षा जास्त' हे कळतं कसं? 'की-आर' हे प्रथिन संवेदकांवर मिथाइल गट (छोटे रासायनिक बिल्ले) चढवतं, 'की-बी' उतरवतं, आणि की-बीलाही खो की-एच देतं. की-ए गप्प झालं की की-बी सुस्तावतं, मिथाइल साचतात आणि की-ए पुन्हा बोलू लागतं. म्हणजे अन्न भरपूर असलं, पण वाढत नसलं, तर कोलांट्या पूर्ववत. फॉस्फेट चटपटीत, मिथाइल रेंगाळणारं. त्या दोघांमधली काही सेकंदांची फट म्हणजे याची आठवण.

क्षयाच्या जंतूने हाच हिस्टिडीन-अस्पार्टेट खो वेगळ्या कामाला जुंपलाय. ऑक्सिजन कमी पडला की 'डॉस-एस' आणि 'डॉस-टी' ही संवेदक प्रथिनं फॉस्फेट 'डॉस-आर' या प्रथिनाच्या हाती देतात, सुमारे 50 जनुकं जागी होतात आणि जंतू झोपायच्या तयारीला लागतो.