शिरोरेषेचा हिशेब: जुन्या दप्तरांचे स्कॅन झिपमध्ये बांधण्यापूर्वी

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावात उभे राहिले. मोडी कागदांचे असे साठे, १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले त्याच्या आगेमागची फेरफाराची पुस्तके, जिनिंगवाल्यांच्या कापसाच्या खातेवह्या, यांपैकी काहीही स्कॅन करायला घेतले की पहिला प्रश्न पडतो तो जागेचा. ए-४ आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या दराने टिपले तर आडवे २,४८० आणि उभे ३,५०८, म्हणजे जवळजवळ ८७ लाख ठिपके होतात. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात आणि एकच पान २ कोटी ६१ लाख बाइटांवर जाते. निव्वळ काळ्या-पांढऱ्या चित्रात ठिपक्याला एक बिट, म्हणजे बाइटाचा आठवा भाग, पुरतो आणि तेच पान सुमारे १० लाख ८७ हजार बाइटांत मावते. तरीही चारशे पानांच्या एका पुस्तकाला ४३ कोटी बाइट लागतातच. मग सगळी पाने एका झिपमध्ये कोंबली की काम झाले, असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो बराचसा चुकीचा आहे.

झिप ही मुळात जुन्या दप्तरखान्यातल्या रुमालासारखी असते: तिचे मुख्य काम बांधण्याचे, आवळण्याचे नव्हे. झिपमध्ये सर्रास वापरली जाणारी डिफ्लेट ही पद्धत आधी येऊन गेलेल्या बाइटांशी जुळणारे तुकडे शोधते, पण ती मागे पाहते ते फक्त ३२,७६८ बाइटांपर्यंत. आपल्या पानाची ठिपक्यांची एक ओळ ३१० बाइटांची असल्यामुळे तिला साधारण १०५ ओळी, म्हणजे कागदावरचे जेमतेम ९ मिलिमीटर, एवढेच आठवते. शिवाय ती आठ-आठ ठिपक्यांचे गठ्ठे पाहते. तिरकी रेघ खालच्या ओळीत एका ठिपक्याने सरकली की गठ्ठ्यातला बाइटच बदलतो आणि जुळणी फसते. पानाला रुंदी असते आणि एका ओळीखाली दुसरी ओळ असते, हे झिपला ठाऊकच नसते.

हे ठाऊक असलेली पद्धत फॅक्सच्या काळात तयार झाली. १९८४ सालच्या ‘ग्रुप ४’ या मानकात ठिपक्यांची प्रत्येक ओळ तिच्या वरच्या ओळीशी ताडून लिहिली जाते. पांढऱ्याचे काळे किंवा काळ्याचे पांढरे जिथे होते ती जागा वरच्या ओळीतल्या जागेच्या थेट खाली असेल तर एक बिट, एका ठिपक्याने सरकली असेल तर तीन बिट, तीन ठिपक्यांनी सरकली असेल तर सात बिट. त्यापलीकडे मात्र सलग काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीची लांबी पुन्हा मोजून लिहावी लागते. कोऱ्या ओळीखाली कोरी ओळ आली की एका बिटात काम भागते. त्यामुळे पूर्ण कोरे पान ३,५०८ बिटांत, म्हणजे साडेचारशे बाइटांच्या आतच बसते. देवनागरीला ही पद्धत विशेष मानवते, कारण सरळ शिरोरेषा म्हणजे एकाखाली एक आलेल्या सारख्याच लांबीच्या काळ्या पट्ट्या. आणि मोडीत तर आधी ओळ आखून अक्षरे तिला लटकवलेली असतात.

पण कागद एका अंशाने जरी तिरका पडला, तरी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ही रेषा ४३ ठिपके खाली किंवा वर जाते. तिचे टोक दर ओळीला सुमारे ५७ ठिपके सरकते, तीन ठिपक्यांची सवलत हातची जाते आणि प्रत्येक ओळीत लांबी नव्याने लिहावी लागते. धूळ, वाळवीचे भोक, कागदाचा पिवळेपणा यांतून उमटणारे सुटे ठिपके तर त्याहून महाग पडतात. जी कोरी ओळ एका बिटात लिहिली गेली असती, तिच्यात एक ठिपका पडला की वीसहून अधिक बिट जातात.

म्हणून खरे कसब लागते ते आकुंचनाच्या आधी, करड्या चित्राचे काळे-पांढरे करताना. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली मांडलेली पद्धत पानावरच्या उजळ आणि गडद ठिपक्यांचे दोन गट सर्वांत चांगले वेगळे पडतील असे उजळपणाचे एकच मूल्य शोधते. त्याच्या खालचे सगळे काळे, वरचे सगळे पांढरे. छापील आणि स्वच्छ पानावर ती उत्तम चालते. खातेवहीच्या शिवणीकडे सावली पडलेली असेल, मागच्या पानाची शाई पुढे उमटली असेल, तर एक मूल्य पुरत नाही. आसपासच्या सरासरीवरून जागोजागी वेगळे मूल्य ठरवावे लागते. त्यानंतर सुटे ठिपके पुसण्याची सोय येते, आणि इथे सर्वांत जास्त सावध राहायला हवे, कारण अनुस्वारही ठिपकाच असतो आणि ०.८१ हेक्टरातला दशांश चिन्हाचा बिंदूही ठिपकाच. पुसण्याची मर्यादा दोन-तीन ठिपक्यांच्या वर नेली की फिकट शाईतले असे बिंदू कचऱ्याबरोबर जाऊ लागतात. ग्रुप ४ स्वतः एकही ठिपका गमावत नाही हे खरे, पण त्याच्या हाती पोहोचण्यापूर्वीच जे गेले ते परत येत नाही. महत्त्वाच्या पानांची करडी प्रत वेगळी राखावी ती याच कारणासाठी.

याहूनही लहान फाइल देणारे ‘जेबिग २’ हे मानक २००० च्या सुमारास आले. त्यातली अचूक पद्धत निर्धोक आहे. दुसऱ्या पद्धतीत मात्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांची एक यादी होते, आकृती एकदाच साठवली जाते आणि पुढे फक्त तिची जागा नोंदली जाते. रोमन अक्षरे सुटी असल्याने तिथे याचा मोठा लाभ होतो. देवनागरीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच सलग आकृती ठरतो आणि मोडीत तर अख्खी ओळ, त्यामुळे यादीत पुन्हा भेटणारे फारसे काही उरत नाही. शिरोरेषेविना सुटे उभे राहतात ते अंक! २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांनी टिपलेल्या घराच्या नकाशात २१.११ आणि १७.४२ या क्षेत्रफळांच्या जागी १४.१३ छापले गेले होते, कारण यंत्राने ते तुकडे एकसारखे मानले होते. सातबाऱ्यावरचा १ आणि ९ अशा यादीच्या हवाली करणे मला तरी पटत नाही. वाचलेले बाइट अगदी थोडे, आणि चूक झाली तर ती धूसर नव्हे, स्वच्छ आणि ठसठशीत दिसणार.

ग्रुप ४ मध्ये बसवलेली पाने झिपमध्ये घातली की आकार जवळजवळ तेवढाच राहतो, कारण आवळण्याजोगे त्यांत काही उरलेले नसते. म्हणून ती ‘न आवळता साठवा’ हा पर्याय निवडून बांधावीत, त्यात वेळही वाचतो. फाइलींची नावे ०००१, ०००२ अशी शून्ये लावून द्यावीत, नाहीतर बऱ्याच ठिकाणी १ नंतर १० येते आणि २ मागे पडते. जुन्या धाटणीच्या झिपमध्ये ६५,५३५ फाइली आणि चार गिगाबाइट ही मर्यादा असते, तेव्हा तालुक्याचे सगळे दप्तर एकत्र बांधण्यापेक्षा एका पुस्तकाला एक झिप बरी. प्रत्येक पान वेगळी फाइल ठेवण्यालाही कारण आहे. ग्रुप ४ मध्ये प्रत्येक ओळ वरच्या ओळीवर टेकलेली असते, त्यामुळे एक बिट उलटला की त्याखालचे पान विस्कटते. पाने वेगळी असली तर नुकसान त्या पानापुरते राहते. झिप प्रत्येक फाइलीसोबत एक पडताळणी अंक जपते आणि ‘टेस्ट’ हा पर्याय दिला की तो अंक जुळतो की नाही ते सांगते. ही तपासणी डिस्कवरून डिस्कवर प्रत केल्यानंतर दरवेळी करायची असते, मूळ प्रत पुसण्याच्या आधी.