तसाही तो मरणारच होता!

३१ ऑक्टोबर २०१२. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात सीक्रेस्ट पार्कच्या किनाऱ्यावर एक तरुण डायव्हर पाण्याबाहेर आला, तो एक ऑक्टोपस घेऊनच. जायंट पॅसिफिक ऑक्टोपस, म्हणजे ऑक्टोपसांमधली सगळ्यात मोठी जात. पाण्याखाली झटापट करून त्याने तो धरला होता. किनाऱ्यावर पाठीवरच्या टाक्या उतरवत असलेले दुसरे डायव्हर ते पाहून चवताळले. ज्या प्राण्याला बघायला ते दर सुट्टीला पाण्यात उतरत, तो आता कुणाच्या तरी ताटात जाणार होता. शब्दाला शब्द वाढला, फोटो निघाले आणि दोनचार दिवसांत प्रकरण शहरभर झालं.

गंमत अशी, की त्या पोराने कायदा मोडलेला नव्हता. त्याच्याकडे परवाना होता आणि वॉशिंग्टन राज्यात परवानाधारकाला दिवसाला एक ऑक्टोपस पकडता येत असे. त्याच पाण्यात, म्हणजे सिअ‍ॅटललगतच्या प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्यात, टकोमा शहराजवळ १९६३ साली ऑक्टोपसशी कुस्ती खेळण्याची चक्क ‘जागतिक स्पर्धा’ भरली होती. शंभरावर डायव्हर उतरले, पंचवीस ऑक्टोपस बाहेर ओढून काढले गेले आणि हजारो लोकांनी काठावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुणाचं मन दुखावलं नाही. पन्नास वर्षांत ऑक्टोपस होता तसाच राहिला, बघणारे बदलले.

अशा वादात शिकाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा हमखास निघतो: ऑक्टोपस जगतो किती? तीन ते पाच वर्षं. एकदा वीण झाली की तसाही मरतोच. मग कुणी दोन महिने आधी खाल्ला तर बिघडलं कुठे? मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, आणि अर्धा खराही आहे. पण तो ऑक्टोपस मरतो कसा, हे पाहिलं की उरलेला अर्धा कोसळतो.

मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते. खडकाच्या कपारीत छताला माळा बांधाव्यात तशी ती लटकवते. एकेक अंडं तांदळाच्या दाण्याएवढं, आणि एकूण पन्नास हजारांच्या आसपास. मग कपारीचं तोंड दगडगोट्यांनी बुजवून ती आत बसते आणि पुढचे सहा-सात महिने बाहेर पडत नाही. बाहूंवरच्या चोषकांनी, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्यांनी, माळा कुरवाळत त्यांच्यावरचं शेवाळ आणि घाण काढते, शरीरातल्या नळीने अंड्यांवर ताज्या पाण्याचे झोत सोडत राहते. ते झोत थांबले तर अंड्यांना प्राणवायू मिळत नाही आणि ती सडतात. या सगळ्या काळात ती काही खात नाही. पिल्लं बाहेर पडतात त्या सुमारास ती मरते.

‘त्यागमूर्ती आई’ म्हणून याचे व्हिडिओ डोळ्यांत पाणी आणणाऱ्या संगीतासह फिरत असतात. मला त्यात रस नाही. रस आहे तो तिच्या डोळ्यामागच्या दोन इवल्याशा गाठींमध्ये.

ऑक्टोपसचा मेंदू आणि डोळा यांना जोडणारा एक देठ असतो. दोन्ही बाजूंच्या देठांवर एकेक ऑप्टिक ग्रंथी असते. आपल्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचीच दूरची कामकरी बहीण म्हणा. १९५९ मध्ये मार्टिन आणि जॉयस वेल्स या दांपत्याने दाखवलं, की मेंदू या ग्रंथीला एरवी दाबून ठेवतो. तो लगाम शस्त्रक्रियेने तोडला की ग्रंथी फुगते आणि वयात न आलेल्या मादीचं अंडाशयसुद्धा भराभर वाढू लागतं. म्हणजे वयात येण्याचं बटण इथे आहे. खरा धक्का १९७७ मध्ये बसला. जेरोम वोडिन्स्की यांनी अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून टाकल्या. त्या माद्यांनी अंडी सोडून दिली, पुन्हा खायला लागल्या, वजन वाढलं आणि बरोबरीच्या माद्यांपेक्षा कितीतरी जास्त जगल्या. (ही जात वेगळी, लहान होती, पण ग्रंथी सगळ्यांना तीच.) म्हणजे ती उपासाने झिजून मरते हे खरं असलं, तरी उपास हे मूळ कारण नव्हे. उपास करायला लावणारं, आणि पुढे मारणारं, काहीतरी त्या ग्रंथीतून येत होतं.

ते काय, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. २०२२ मध्ये यान वँग, क्लिफ्टन रॅग्सडेल आणि सहकाऱ्यांनी वीण झालेल्या माद्यांच्या ग्रंथीतली रसायनं तपासली. आता जरा सावकाश वाचा. ग्रंथी कोलेस्टेरॉलच्या कारखान्यासारखी वागू लागते, आणि तिथून तीन फाटे फुटतात. एका फाट्यावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) कुळातली स्टेरॉइड बनतात. दुसऱ्यावर पित्ताम्लांचा, म्हणजे पित्तातल्या आम्लांचा, कच्चा माल. तिसऱ्या फाट्यावर वाढतं ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल. हे शेवटचं नाव अगदीच परकं नाही: आपल्या त्वचेत हेच असतं आणि उन्हाने त्याचं ड जीवनसत्त्व बनतं. पण ते साचलं तर विषारी ठरतं. माणसात एक दुर्मीळ जनुकीय आजार आहे, स्मिथ-लेमली-ओपिट्झ सिंड्रोम. त्यात या रेणूचं कोलेस्टेरॉलमध्ये रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) बिघडलेलं असतं, रेणू साचत जातो, आणि त्या मुलांमध्ये स्वतःला चावण्या-इजा करून घेण्याची लक्षणंही दिसतात. टाकीत पाळलेल्या ऑक्टोपस माद्या शेवटच्या दिवसांत काय करतात? काचेवर आपटतात, अंग खरवडून घेतात, स्वतःच्याच बाहूंची टोकं खातात. दोन्हींमागची रसायनाची वाट एकच आहे असं अजून सिद्ध झालेलं नाही. पण साम्य अंगावर काटा आणणारं आहे.

नरांचीही सुटका नाही. समागमानंतर त्यांची भूक जाते, डोळ्यांभोवतीची कातडी आक्रसते, अंगावर बऱ्या न होणाऱ्या पांढऱ्या जखमा येतात आणि भर दिवसा ते उघड्यावर भरकटत फिरतात. डायव्हरला मोकळ्यावर भला मोठा ऑक्टोपस दिसला, तर तो ‘मैत्री करायला’ आलेला नसून असा म्हाताराही असू शकतो.

म्हाताऱ्यावरून पॉल आठवला. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात आठच्या आठ निकाल अचूक ‘सांगणारा’ जर्मनीतला ऑक्टोपस. दोन संघांचे झेंडे लावलेल्या दोन डब्यांतला एक आठ वेळा योगायोगाने बरोबर निवडला जाण्याची शक्यता २५६ मध्ये एक. जगभरात किती पोपट, कासवं आणि डुकरं त्या महिन्यात भविष्य सांगत होती हे पाहिलं, तर एखादा पॉल निघणारच होता. जे चुकले त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, एवढंच. पॉल त्याच ऑक्टोबरात वारला, पावणेतीन वर्षांचा होऊन. त्याच्या जातीच्या मानाने भरपूर जगला.

आता पुन्हा त्या ‘तसाही मरणारच’कडे. एक मादी समजा पन्नास हजार अंडी घालते. समुद्रातली संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहायची, तर त्या पन्नास हजारांतून सरासरी किती पिल्लं वाढून स्वतः वीण करतील? दोन. एक आईच्या जागी, एक बापाच्या. बाकी सगळी कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात. म्हणजे कपारीत दिसणारा तीस किलोचा ऑक्टोपस हा हजारोंतून लॉटरी लागलेला प्राणी असतो. वीण व्हायच्या आधी त्याला काढलं, तर ती लॉटरी वाया. अंड्यांवर बसलेली मादी काढली तर ती आणि तिची सगळी अंडीही गेली. पिल्लं बाहेर पडल्यानंतर मात्र तिला कुणी नेलं तरी हिशेबात फरक शून्य. मरणं अटळ आहे हे तिन्ही वेळी सारखंच खरं, पण नुकसान सारखं नाही. आणि दगडांमागून चारदोन चोषक तेवढे दिसत असताना आतला प्राणी यांतल्या कुठल्या टप्प्यावर आहे, हे बाहेरून ओळखणं फार अवघड.

म्हणजे संतापलेले डायव्हर बरोबर? इथे त्यांचंही सगळंच म्हणणं मान्य करून चालणार नाही. ‘इथले ऑक्टोपस संपतील’ हे म्हणणं तितकंसं टिकत नाही. पिल्लं अंड्यातून निघाली की पृष्ठभागाकडे जातात आणि काही आठवडे ते महिने प्लवकांबरोबर, म्हणजे तरंगणाऱ्या बारीक जीवांबरोबर, प्रवाहात वाहत राहतात. सीक्रेस्टच्या छोट्या खाडीतल्या मादीची पिल्लं त्याच खाडीत उतरतील याला काही आधार नाही. तिथे आज राहणारेही बाहेरूनच आलेले असणार. चांगली कपार रिकामी झाली की दुसरा भाडेकरू येतो. राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाचंही मत हेच होतं, की एकूण संख्या ठीक दिसते.

भांडण खरं म्हणजे मोजपट्टीचं होतं. विभाग मोजत होता अख्ख्या समुद्रातली जात, डायव्हर मोजत होते ठरावीक खडकाखालचा ठरावीक प्राणी. शंभर जण महिनोन्‌महिने एकाच ऑक्टोपसला बघून परत येऊ शकतात, पण खाणारा त्याला एकदाच नेतो. एकाच पाण्याचे हे दोन उपयोग एकत्र बसत नाहीत, आणि यावर ग्रंथीशास्त्र किंवा लोकसंख्याशास्त्र काही निवाडा देऊ शकत नाही. विभागाने लोकांची मतं मागवली, सुनावण्या घेतल्या आणि २०१३ मध्ये डायव्हरांच्या आवडीच्या सात ठिकाणी ऑक्टोपस पकडायला बंदी घातली. सीक्रेस्ट त्यांतलं एक. बाकीच्या पाण्यात दिवसाला एक, हा नियम तेव्हा होता तसाच ठेवला.