काचेत अडकलेला दाब

पश्चिम इजिप्तच्या वाळवंटात, लिबियाच्या सीमेजवळ, वाळूच्या टेकड्यांमधल्या सपाट पट्ट्यांवर फिकट पिवळी काच विखुरलेली आहे. तिच्यात जवळजवळ 98 टक्के सिलिका (वाळूचा मुख्य घटक) आहे आणि तिचे वय आहे सुमारे 2 कोटी 90 लाख वर्षे. तुतानखामुनच्या छातीवरच्या दागिन्यात जो कोरीव भुंगा आहे, तो याच काचेचा. ही काच नेमकी कशी झाली यावर भूवैज्ञानिक अनेक वर्षे वाद घालत होते. त्या वादाचे पारडे ज्याने झुकवले, तो पुरावा काचेत अडकलेल्या, केसाच्या जाडीत मावतील अशा कणांचा होता.

काच स्वतः फारसे काही सांगत नाही. वाळू वितळली आणि झटकन निवली की काच झाली. वीज वाळूत शिरली तरी काच होते, लाव्हा पटकन थंड झाला तरी होते. काच पाहून एवढेच कळते, की इथे भयंकर उष्णता होती. ती कुठून आली हे कळायचे तर दाबाची खूण शोधावी लागते, कारण जोरदार दाबाखाली स्फटिकांची आतली रचनाच बदलते.

गारगोटीचेच पाहा. तिच्यात प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती 4 ऑक्सिजन अणू असतात. दाब पुरेसा वाढला की हीच सिलिका अधिक दाटीची मांडणी घेते, तिला कोएसाइट म्हणतात. दाब आणखी वाढला की सिलिकॉनभोवती 6 ऑक्सिजन येऊन बसतात आणि स्टिशोव्हाइट तयार होते. पाण्याची घनता 1 धरली तर गारगोटीची 2.65, स्टिशोव्हाइटची सुमारे 4.3. अणू तेच, प्रमाण तेच, फक्त बसायची जागा आवळली.

लोरिंग कोस यांनी 1953 मध्ये प्रयोगशाळेत कोएसाइट बनवले, तेव्हा ते निसर्गात कुठे सापडेल याची कुणाला कल्पना नव्हती. 1960 मध्ये एडवर्ड चाओ, यूजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याला ते ॲरिझोनातल्या सुमारे 1.2 किलोमीटर रुंद विवरात सापडले. हे विवर ज्वालामुखीचे की अशनीचे, हा वाद तेव्हा जुना झाला होता. जमिनीच्या पृष्ठभागावर कोएसाइट घडवण्याइतका दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही, म्हणून या शोधाला एवढे वजन आले. पाठोपाठ जर्मनीतल्या रीस विवराची पाळी आली. तिथे नॉर्डलिंगेन हे अख्खे गाव सुमारे 24 किलोमीटर रुंद विवराच्या आत वसले आहे आणि गावातले सेंट जॉर्ज चर्च त्या आघातात घडलेल्या, काचेचे गोळे असलेल्या दगडातून बांधलेले आहे. लोक पिढ्यानपिढ्या त्या भिंतींच्या आत प्रार्थना करत आले, आणि त्या दगडाचे मूळ 1960 च्या सुमारास उलगडले. मला ही गोष्ट फार आवडते.

आता खरा पेच. हे स्फटिक साध्या दाबाला आले की पुन्हा गारगोटी का होत नाहीत? अणूंना परत जुन्या जागी जायला उष्णता लागते आणि वेळ लागतो. आघाताची लाट डोळ्याचे पाते लवण्याच्या आत निघून जाते, भोवतालचा वितळलेल्या वाळूचा रस निवून घट्ट होतो आणि कण आहे त्या अवस्थेत कोंडला जातो. पण ज्या उष्णतेने काच बनते, तीच उष्णता या स्फटिकांची वैरीणही असते. रस जास्त वेळ तापलेला राहिला तर दाबाचा पुरावा त्यातच पुसला जातो. इजिप्तच्या काचेत नेमके हेच झाले होते.

तिथे मदतीला आला झिरकॉन. हे चिवट खनिज वाळूत थोडेफार असतेच. हवेच्या दाबाच्या सुमारे 3 लाख पट दाब पडला की त्याचे रीडाइट होते. (महासागरातल्या सर्वांत खोल जागी हा आकडा 1,100 च्या आसपास असतो.) रीडाइट 1,200 अंश सेल्सिअसच्या पुढे टिकत नाही, पुन्हा झिरकॉन होते. इजिप्तच्या काचेत रीडाइट उरलेले नाही. पण ते परत फिरते तेव्हा एका अखंड कणाऐवजी बारीक दाण्यांचा पुंजका तयार होतो आणि त्या दाण्यांच्या दिशा एकमेकींशी काटकोनात असतात. चादरीची घडी उलगडली तरी रेघा राहतात, तसे हे आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने एकेका दाण्याची दिशा मोजली की त्या रेघा वाचता येतात. ॲरन कॅव्होसी आणि ख्रिश्चन कोबर्ल या संशोधकांनी 2019 मध्ये त्या वाचून दाखवल्या.

एवढी खटपट कशासाठी? कारण दुसरी शक्यता अशी होती, की अशनी जमिनीला टेकलाच नाही, वर हवेतच फुटला आणि त्याच्या झळीने वाळू वितळली. हवेतले स्फोट होतात, यात शंका नाही. 1908 मध्ये सायबेरियातल्या तुंगुस्कात जंगल आडवे झाले, विवर मात्र झाले नाही. 2013 मध्ये रशियातल्या चेल्याबिंस्कमध्ये हजारो खिडक्या फुटल्या. पण खिडक्या फोडणाऱ्या त्या लाटेने हवेच्या दाबात जेमतेम काही टक्क्यांची भर घातली होती. तिथून 3 लाख पटीपर्यंत पोचायला दगडावर दगडच आदळावा लागतो. असे स्फोट किती वेळा आणि किती मोठे होतात याचा अंदाज बांधताना ही काच हवेतल्या स्फोटाचा दाखला म्हणून पुढे केली जाई. तो दाखला आता घाईने देता येणार नाही.

हीच पद्धत आग्नेय आशियातल्या काचेलाही लावली गेली. सुमारे 7 लाख 90 हजार वर्षांपूर्वी उडालेले तिचे थेंब इंडोचीनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडतात. 2018 मध्ये थायलंडमधल्या तुकड्यांत झिरकॉनचे तसेच काटकोनी दाणे मिळाले. म्हणजे तिथेही जमिनीवर थेट घाव बसला होता. इतक्या मोठ्या घावाचे सर्वमान्य विवर मात्र अजून मिळालेले नाही. शोध चालू आहे, आणि शोधणाऱ्यांच्या हातात त्या दाण्यांची साक्ष आहे.